वरच्या गल्लीची चावी

मीनाबाई तळभंडारे नगरसेविका झाल्या, तेव्हा पंचशीलनगरच्या वरच्या गल्लीला आपणच सगळे निवडून आल्यासारखं वाटलं. मीनाबाईंना मात्र सभागृहातल्या खुर्चीचीच धास्ती होती. बावीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती, आणि तीही उभ्यानं. तीनशे पोरांचं पातेलं, पण झाकण उचलून बघायची त्यांना गरज पडत नसे. पातेल्याजवळ कान नेला, की आधण यायला अजून किती वेळ आहे ते त्या नेमकं सांगत. अशा बाईला गुबगुबीत खुर्चीत बसवायचं, समोर माईक ठेवायचा आणि आता बोला म्हणायचं, म्हणजे घाम फुटणारच.

पहिल्या सभेत त्या चारच शब्द बोलल्या. ते चार शब्द त्यांच्या सुनेनं, कीर्तीनं, आदल्या दिवशी त्यांच्याकडून घोकून घेतले होते. "सदर ठरावास माझे अनुमोदन." ठराव मांडला होता गुरुबसप्पांनी. हे सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य, पांढरं धोतर, कपाळावर विभूती आणि आवाज असा, की माईक लावायची गरजच नाही. ठराव साधा होता: नवीन केलेला रस्ता तीन वर्षं कुणीही खोदायचा नाही. फारच अडलं तर सभेची मंजुरी घ्यायची, आणि मंजुरी मिळाली तरी ती एकाच खड्ड्याची. मीनाबाईंना ठराव मनापासून पटला होता. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

त्या पेढ्यांची आठवण पुढं त्यांना फार छळणार होती.

झालं असं, की प्रभागाला मिळालेल्या निधीतून मीनाबाईंनी पहिलं काम धरलं ते वरच्या गल्लीच्या काँक्रीट रस्त्याचं. जयंती तोंडावर आली होती. दरवर्षी बाबासाहेबांची तसबीर ठेवलेला गाडा गल्लीतून निघायचा आणि विहारासमोर आला, की हमखास अडखळायचा. तिथं रस्त्याच्या मधोमध पाण्याच्या चावीचं लोखंडी झाकण बोटभर वर आलेलं होतं. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला गल्ली चावी म्हणते, आणि तो उघडायला येणाऱ्याला चावीवाला. चाक त्या झाकणाला धडकायचं, तसबीर हलायची आणि बायांच्या काळजाचा ठोका चुकायचा. एका वर्षी तर तसबिरीच्या काचेला तडा गेला होता.

तेव्हा काँक्रीट ओतायच्या दिवशी मीनाबाई स्वतः पदर खोचून उभ्या राहिल्या आणि प्रभुला म्हणाल्या, "त्या झाकणावरनंच घे की सरळ. यंदा गाडा कसा लोण्यावानी गेला पायजे."

प्रभु हा दुधनीकडचा गवंडी. हाताला चांगला आणि तोंडानं कमी. तो थापी हातात धरून जरा वेळ उभाच राहिला. "अक्का, चावी हाय ती. झाकण वर घ्यायला लागतंय."

"जयंती होऊ दे. मग घेऊ वर. जागेवर खूण करून ठिवते मी."

आणि त्यांनी समोरच्या भिंतीवर खडूनं चांगला हातभर बाण काढला. गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकानंही हरकत घेतली नाही, उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रभुनं एकदा बाणाकडं पाहिलं, एकदा अक्कांकडं पाहिलं आणि थापी फिरवली. दोन दिवसांनी मंडळाच्या पोरांनी जयंतीसाठी गल्लीतल्या सगळ्या भिंती निळ्या रंगवून काढल्या. रंग इतका सुंदर बसला, की मीनाबाईंनी पोरांचं तोंडभरून कौतुक केलं. बाण त्या रंगाखाली गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चार दिवसांनी पाण्याची पाळी आली. खालच्या गल्लीत भांडी वाजू लागली. वरच्या गल्लीत बायका घागरी, बादल्या, पिंप मांडून बसल्या आणि नळ नुसते फुरफुरले. नवा चावीवाला शिवू खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन आला आणि गुळगुळीत रस्त्यावर इकडून तिकडं फिरू लागला. "बाई, मला येऊन चार महिनं झालं. झाकण दिसायचं म्हणून उघडायचो. आता झाकणच न्हाय तर कुटं घालू चावी?"

कार्यालयातल्या नकाशात मोठी लाईन होती, पण ही चावी नव्हती. ती मागाहून, गल्लीची फारच ओरड झाली म्हणून घाईनं बसवलेली होती. मीनाबाई निळ्या भिंतीवर हात फिरवत आपला बाण शोधत राहिल्या. रस्ता ओतायच्या वेळी चावी बंद होती, म्हणजे आता ती बंदच राहणार. दोन पाळ्या कोरड्या गेल्या. टँकर यायचा, पण चढाला येईपर्यंत अर्धा खालीच रिकामा व्हायचा. जयंतीला अख्ख्या गल्लीचं जेवण, बाहेरगावचे पाहुणे, लेकीबाळी येणार, आणि प्यायला पाणी नाही. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. मीनाबाईंना तेच जास्त लागत होतं.

भागाचे कनिष्ठ अभियंता भले गृहस्थ होते. त्यांनी हळूच मार्ग सुचवला. "मॅडम, गवंड्यानं झाकण बुजवलं असं लिहू या. ठेकेदार त्याला कामावरून काढेल, तुमच्यावर काही येणार नाही. मग खोदाईला परवानगीही सोपी जाईल."

कीर्तीनं सासूकडं पाहिलं. मीनाबाईंना प्रभुची ती थांबलेली थापी दिसली.

"त्यानं सांगितलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "दोनदा न्हाय, एकदाच सांगितलं, पण सांगितलं. मीच ऐकलं न्हाय. त्याचं नाव कागदावर आलं तर खिचडी शिजवलेले हात माझे न्हाईत."

सोमवारी सभा होती. यावेळी घोकायला चार शब्द पुरणार नव्हते. कीर्तीनं एक कागद लिहून दिला, तो मीनाबाईंनी हातात चुरगळून चुरगळून त्याची पुरचुंडी केली. विषय अंदाजपत्रकाचा चालला होता. पाणीपुरवठ्याला किती, दिवाबत्तीला किती, यावर अर्धा दिवस गेला. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, माईकची कळ दाबायला विसरल्या, शेजारच्या बाईंनी दाबून दिली.

"आमच्या गल्लीतला नवा रस्ता फोडायला परवानगी पायजे," मीनाबाई म्हणाल्या.

सभागृहात खसखस पिकली. कुणीतरी मागून म्हणालं, "अनुमोदन दिलेल्या बाईच की ह्या!"

"व्हय, मीच ती," मीनाबाई म्हणाल्या, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबताच येईना. "चावीवर काँक्रीट मीच ओतायला लावलं. गवंड्यानं नको म्हटलं व्हतं. गाडा अडखळतो म्हणून मी झाकण दाबलं, आणि आता चाळीस घरं बिनपाण्याची हायती. ठेकेदाराची चूक न्हाय, इंजिनेर साहेबांची न्हाय. चूक माझी हाय. ठराव चांगला हाय, तो मोडू नका. फकस्त त्यात जेवढं बसतंय तेवढं मला द्या. एक खड्डा."

खसखस थांबली. मीनाबाई तशाच उभ्या राहिल्या, कारण बसायचं कधी हे कीर्तीनं कागदात लिहिलं नव्हतं.

गुरुबसप्पा सावकाश उठले. आता हे आपली चामडी लोळवणार, असं मीनाबाईंना वाटलं. म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा सावरला. "मी या सभागृहात तीस वर्षं बसतोय," ते म्हणाले. "पुष्कळ बोललो. पण चूक माझी आहे असं उभं राहून मी स्वतः कधी म्हटलेलं नाही, आणि चुका तर बक्कळ केल्या. बाईंना खड्डा द्या. दोन फूट बाय दोन फूट, ठरावाप्रमाणं एकच. सदर मागणीस माझे अनुमोदन."

बाकं वाजली. मीनाबाईंना गुरुबसप्पांकडं नीट बघता येईना, डोळे भरून आले होते. बाहेर जिन्यात त्यांनी म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला, तेव्हा ते म्हणाले, "नमस्कार राहू द्या. खड्डा कुठं घेणार ते सांगा. चुकला तर पुढची सभा महिन्यानं आहे."

खड्डा कुठं घेणार, हे मीनाबाईंनाच कुठं ठाऊक होतं! ठाऊक होतं ते एका माणसाला, आणि नेमकं त्याच्याच दारात जायचं त्या टाळत होत्या.

हिंदुराव हे वरच्या गल्लीचे जुने चावीवाले. गल्ली त्यांना चावीमामा म्हणायची. सव्वीस वर्षं ते दर पाळीला आले. गल्ली चढावर असल्यानं पाणी वर चढायला वेळ लागतो, म्हणून ते चावी उघडून तिथंच विहाराच्या कठड्यावर बसत आणि शेवटच्या घराचा पिंप भरल्याशिवाय उठत नसत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. गल्लीनं मात्र आपला एक रिवाज पाडला होता. नळाला पाणी आलं, की पहिला तांब्या चावीमामांचा. मीनाबाई नव्या नवरी असल्यापासून तो तांब्या बहुतेक त्यांच्याच हातचा असे. मामा घटाघटा पिऊन तांब्या पालथा करून दाखवत आणि म्हणत, "गोड हाय. भरा आता."

निवृत्त होऊन ते कुंभारीला लेकाकडं राहायला गेले. मीनाबाई निवडून आल्याचं कळलं तसे हार घेऊन शहरात आले. विजयाच्या मिरवणुकीत कडेला, झेंडूचा एक हार हातात धरून, उभे राहिले. मीनाबाई निळ्या गुलालात न्हालेल्या, पुढं ढोल, मागं पोरं, आणि त्या चावीमामांच्या पुढून तशाच निघून गेल्या. कीर्तीनं पाहिलं होतं. तिनं घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा मीनाबाईंना जेवण गेलं नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत तीन महिने गेले. आता कामच पडलं तेव्हा जायचं, म्हणजे कोणत्या तोंडानं जायचं!

तरी गेल्या. शेअर रिक्षात दोन बायांच्या मध्ये चेपून बसून, मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून गेल्या. हिंदुराव ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या बायकोनं, रंभाबाईंनी, आधी ओळखलं आणि नवऱ्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "वरच्या गल्लीच्या मीनाबाई आल्यात्या!"

"जयभीम, मीनाबाई!" हिंदुराव लगबगीनं उठले. त्या गल्लीत पाऊल टाकताना ते नेहमी असाच नमस्कार घालत. "या की, या. हितं बसा, सावलीला."

मीनाबाईंनी पुडा खाली ठेवला आणि आधी तेच काढलं. "मामा, त्या दिवशी तुमी हार घिऊन उभं व्हता. मी बघितलं न्हाय. लई वाईट वाटलं वो मला."

रंभाबाईंना ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. हिंदुराव हसले. "डोळ्यात गुलाल गेल्यावर कुणाला दिसतंय? म्या तो हार विहारात घातला आन् आलो. त्यात काय एवढं!"

मग मीनाबाईंनी चावीची हकीकत सांगितली. हिंदुराव ऐकता ऐकता इतके हसले, की शेंगा सांडल्या. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी कपाळाला हात लावला. "विहाराच्या पायरीपासनं सतरा पावलं. पण पायऱ्या आता नव्या झाल्या, आन् पावलं माजी म्हातारी झाली. हातभर हिकडं, हातभर तिकडं व्हणारच."

"मग वो?"

"ती चावी माज्याइतकीच जुनी हाय. किती आवळली तरी दातातनं फुसफुसती. पाण्याच्या पाळीला मोठी लाईन भरली, की लोखंडी चावी रस्त्यावर उभी करायची आन् मुठीला कान लावायचा. जितं फुस येतंय तितं ती." ते थांबले. "पर माजं कान गेलं की, बाई. उजवा तर पारच बंद."

हिंदुराव नाही म्हणाले नाहीत. गुरुवारी सकाळी पाळी होती आणि उजाडायच्या आत ते गल्लीत हजर झाले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, एखाद्या लग्नाला आल्यासारखे. गल्ली सगळी दारात. अभियंते परवानगीचा कागद घेऊन आले होते, प्रभु काँक्रीट फोडायचं यंत्र घेऊन, शिवू चावी घेऊन. हिंदुरावांनी नव्या पायरीवर पाऊल ठेवलं, मनाशी काही वजा केलं आणि चालायला लागले. सतरा पावलं मोजून थांबले. मग पायानं रस्त्यावर खाटेएवढी चौकट आखली.

"ह्याच्यात कुटंतरी. शिवू, ऐक लेका."

शिवूनं चावी उभी केली, कान लावला. पोरानं चार ठिकाणी ऐकलं आणि चारही ठिकाणी त्याला फुस ऐकू आली. अभियंत्यांना कुठंच आली नाही. दोन फुटांचा एकच खड्डा, आणि खाटेएवढी जागा. अंदाजानं घ्यायचा म्हटलं असतं तर गल्लीनं घेऊही दिला असता, पण चुकला की महिनाभर कोरडं आणि जयंती तशीच.

मीनाबाई पुढं झाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. चावीची मूठ खाली घ्यावी लागली, म्हणून शिवूनं ती तिरकी धरली. मीनाबाईंनी तिला कान लावला आणि डोळे मिटले. नगरसेविका अशी रस्त्यावर बसलेली बघून एक पोरगी फिदकन हसली. तिच्या आईनं तिला धपाटा घातला.

"गप रावा सगळी," हिंदुराव म्हणाले, आणि गल्ली गप झाली.

पहिल्या जागी काही नव्हतं. दुसऱ्या जागी लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखं काही तरी. मीनाबाई गुडघ्यांवर सरकल्या. तिसऱ्या जागी त्या थबकल्या. मोठ्या पातेल्याच्या बुडाशी, आधण यायच्या जरा आधी, पाणी जसं दबक्या आवाजात सूं सूं करतं, अगदी तसं. बावीस वर्षं रोज सकाळी ऐकलेला आवाज. त्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

"हितं," त्या म्हणाल्या. "हितंच हाय."

"पक्कं?" अभियंत्यांनी विचारलं.

"तीनशे पोरांची खिचडी करपली का कवा?" मीनाबाई म्हणाल्या. साहेबांनी खडूनं चौकोन आखून दिला.

प्रभुनं यंत्र लावलं. आपणच दोन आठवड्यांपूर्वी इतकं गुळगुळीत केलेलं फोडताना त्याचं तोंड वाईट झालं होतं. काँक्रीटचे तुकडे उडू लागले. चार बोटं खाली गेलं, काही नाही. सहा बोटं गेलं, काही नाही. मीनाबाईंचे हात आपोआप जोडले गेले होते. मग यंत्राचा आवाजच बदलला आणि प्रभुनं ते पटकन बंद केलं. त्यानं हातानं खडी बाजूला सारली. खड्ड्याच्या अगदी कडेला, पण आत, गंजलेलं लोखंडी झाकण दिसलं.

"अक्का," प्रभु म्हणाला, "आता वर घेऊ का?"

"घे बाबा," मीनाबाई म्हणाल्या. "चांगलं बोटभर वर घे. तवाच ऐकायला पायजे व्हतं तुजं." आणि चारचौघांत त्यांनी त्याच्या सिमेंटनं भरलेल्या हातावर आपला हात ठेवला. प्रभु इतका लाजला, की थापी शोधायच्या निमित्तानं गाडीकडं निघून गेला.

चावी फिरवायचा मान गल्लीनं हिंदुरावांना दिला. त्यांनी एकट्यानं जोर लावला, मग शिवूला हाताशी घेतलं. गंज करकरला. थोड्या वेळानं वरच्या टोकाच्या घरातून कुणीतरी ओरडलं आणि मग घरोघर नळाखाली बादल्या वाजायला लागल्या. सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. हिंदुराव विहाराच्या कठड्यावर आपल्या जुन्या जागी बसले. त्यांना यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे, पण ते एकेका दाराकडं बघत मान हलवत होते.

पहिला तांब्या मीनाबाईंनी आणला. हिंदुरावांनी घटाघटा पाणी पिऊन तो पालथा केला.

"गोड हाय," ते म्हणाले. "भरा आता."

मीनाबाई तिथंच कठड्यावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि मनमोकळेपणानं रडल्या. कुणाकुणाचे उपकार मानायचे! गल्लीनं एका शब्दानं बोल लावला नाही, प्रभुनं मागचं काढलं नाही, गुरुबसप्पांसारख्या माणसानं भर सभेत पाठीशी हात ठेवला, आणि हा बहिरा म्हातारा कुंभारीहून उजाडायच्या आत हजर झाला. निवडून आल्यावर आपण गल्लीसाठी काय काय करणार याची त्यांनी मोठी यादी केली होती. आज पहिल्यांदा त्यांना उलटी यादी आठवत होती आणि ती पुष्कळच लांब होती. चाळीसाव्या घराचा पिंप भरेपर्यंत दोघं तिथंच बसून होते.

जयंतीला जेवण झालं, पाहुणे आले, पाणी कमी पडलं नाही. हिंदुराव आणि रंभाबाई पाहुण्यांच्या पंगतीला बसले. संध्याकाळी गाडा निघाला. दिव्यांच्या माळा, झेंडूची तोरणं आणि मध्यभागी बाबासाहेबांची तसबीर. नव्या रस्त्यावरून तो खरंच लोण्यासारखा घरंगळत आला, आणि विहारासमोर येऊन झाकणाला धडकला. माळा हलल्या, तसबीर किंचित डुलली.

"उचला रे, उचला!" मंडळाची पोरं धावली. एकजण म्हणाला, "पुढच्या वर्षी काय तरी करा वो, मीनाआत्या, हे झाकण लई नडतंय."

"काय करायचं न्हाय," मीनाबाई म्हणाल्या. "दरवर्षी हितं थांबायचं. घटकाभर थांबा."

ढोल थांबले. कीर्तीनं घरातून पाण्यानं भरलेला तांब्या आणला आणि हिंदुरावांच्या हातात दिला. ते झाकणापाशी उभं राहून सावकाश प्याले. त्यांच्या मागं गाडा होता आणि गाड्यावर तसबीर. मीनाबाईंनी समोरून दोन्ही हात जोडले आणि डोकं खाली लववलं. नमस्कार नेमका कुणाला, हे कुणी विचारलं नाही. मग पोरांनी चाकाला हात लावून गाडा अलगद उचलला आणि झाकणाच्या पलीकडं ठेवला.